पंचावन्न वर्षं धक्क्याला बांधून ठेवलेली बोट

२०१७ च्या उन्हाळ्यात दादाकडे न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा वहिनीला पुस्तकांसाठी शेल्फ घ्यायचं होतं म्हणून आम्ही सगळे नदी ओलांडून फिलाडेल्फियाच्या आयकियात गेलो. खरेदी आटोपून तिथल्या कॅन्टीनमध्ये कॉफी घेऊन बसलो आणि समोरच्या मोठ्या काचेतून रस्त्यापलीकडे काहीतरी दिसलं जे आधी मला बिल्डिंगच वाटलं. दोन धुरांडी होती, कधीकाळी लाल-पांढरी-निळी असणार, आता लाल रंग उडून वीट भिजल्यावर दिसते तसा फिका झालेला आणि त्यावर ताटाएवढाले पोपडे सुटलेले. खाली काळ्या अंगावर नांगराच्या भोकापासून पाण्यापर्यंत गंजाचे ओघळ उतरलेले. पुतण्या म्हणाला, "आत्या, ही टायटॅनिकपेक्षा मोठी आहे." मी दादाला विचारलं ही इथे काय करतेय, तर तो म्हणाला, "काही नाही गं, ती इथेच असते, मी आल्यापासून बघतोय."

ते "इथेच असते" माझ्या डोक्यातून जाईना. आई लहानपणी मुंबईहून बोटीने विजयदुर्गला जायची, बोट खाडीबाहेर थांबायची आणि मग पडावात उतरून किनारा गाठायचा, ते ती इतक्यांदा सांगायची की बोट ही वस्तू आमच्या घरात माणसासारखीच होती. त्यामुळे असेल कदाचित, पण एवढी मोठी बोट कुणीतरी विसरून गेल्यासारखी उभी आहे हे बघून मला वाईट वाटलं आणि तेव्हापासून मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत आलेय.

तिचं नाव एसएस युनायटेड स्टेट्स. १९ फेब्रुवारी २०२५ ला टगबोटींनी तिला त्या धक्क्यावरून ओढत नेलं, ३ मार्चला ती अलाबामातल्या मोबिल बंदरात पोचली, तिथे साफसफाई करून मग फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडवायची असं ठरलं, म्हणजे मुद्दाम बुडवायची, मासे यावेत आणि डायव्हिंग करणारे टूरिस्ट यावेत म्हणून, याला कृत्रिम रीफ म्हणतात. यावर बोटप्रेमी मंडळींनी खूप आरडाओरडा केला, हा खून आहे, ही लाज आहे वगैरे. मला त्यांचं दुःख कळतं. पण माझं म्हणणं वेगळं आहे. चूक २०२४ मध्ये बुडवायचं ठरवणाऱ्यांनी केली नाही, चूक १९६९ मध्ये झाली. पब्लिकच्या पैशातून एवढी मोठी वस्तू उभी केली आणि बंद करताना तिचं पुढे काय करायचं हे कुणीच ठरवलं नाही, त्यासाठी एक डॉलरही बाजूला काढला नाही. ही चूक आपणही करतोय, आपल्याच समुद्रात, त्याकडे पुढे येतेच.

आधी ही बोट काय होती ते सांगते कारण ते माहीत नसेल तर तिच्यासाठी कुणी का रडावं हेच कळणार नाही.

विल्यम फ्रान्सिस गिब्ज नावाचा फिलाडेल्फियाचा माणूस, जन्म १८८६ चा. आठ वर्षांचा असताना त्याने तिथल्याच गोदीत सेंट लुईस नावाची बोट पाण्यात उतरताना बघितली आणि तिथेच याचं ठरलं. घरच्यांना तो वकील व्हायला हवा होता म्हणून तो वकील झाला, पण रात्री बोटींचे नकाशे काढत बसायचा, बोटींचं इंजिनियरिंग तो जवळजवळ स्वतःच शिकला. पहिल्या महायुद्धात जर्मनांची फाटरलँड ही महाकाय बोट अमेरिकेच्या ताब्यात आली आणि युद्धानंतर तिची दुरुस्ती करायची होती, तर जर्मन कंपनीने नकाशांसाठी दहा लाख डॉलर मागितले. गिब्जने काय केलं, माणसं लावली आणि आख्खी बोट इंच इंच मोजून स्वतःचे नकाशे तयार केले. असा माणूस. त्याला आयुष्यात एकच बोट बांधायची होती, जगातली सगळ्यात वेगवान आणि कधीही न जळणारी, आणि ती बांधायला मिळेपर्यंत त्याची साठी उलटली होती.

न जळणारी हा त्याचा हट्ट होता आणि त्याला कारण होतं. १९३४ मध्ये मॉरो कॅसल ही बोट न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ जळाली, १३७ माणसं गेली, आतलं सगळं फर्निचर आणि पॅनेलिंग लाकडाचं, वर पॉलिश, दुसरं काय होणार. मग १९४२ मध्ये फ्रान्सची नॉर्मंडी, त्या काळातली सगळ्यात देखणी बोट असं म्हणतात, न्यूयॉर्कच्या धक्क्याला उभी असताना वेल्डिंगच्या ठिणग्या लाइफ जॅकेटच्या ढिगावर पडल्या आणि पेटली, आणि आग विझवायला इतकं पाणी मारलं की त्या पाण्याच्या वजनाने ती कलंडली. तर गिब्जने ठरवलं की माझ्या बोटीत लाकूड येणार नाही. पडदे काचेच्या तंतूंचे, खुर्च्या अॅल्युमिनियमच्या, वरचे मजले अॅल्युमिनियमचे. लाकूड होतं फक्त खाटकाच्या ओंडक्यात, जो किचनमध्ये मांस तोडायला लागतो, आणि पियानोत. पियानोही त्याला अॅल्युमिनियमचाच हवा होता, स्टाइनवे कंपनीने ऐकलं नाही, असं सांगतात की त्यांनी आपल्या खास लाकडावर पेट्रोल ओतून पेटवून दाखवलं आणि ते जळलं नाही तेव्हा कुठे गिब्ज कबूल झाला.

बोट व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत बांधली. लांबी ९९० फूट. खर्च ७ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास आणि त्यातले पाच कोटी सरकारचे, कंपनीने फक्त २ कोटी ८० लाख दिले. सरकारने एवढे पैसे का दिले, तर दुसऱ्या महायुद्धात क्वीन मेरी आणि क्वीन एलिझाबेथ या इंग्रजांच्या बोटींनी लाखो सैनिकांची ने-आण केली होती आणि अमेरिकेकडे तशी स्वतःची बोट नव्हती. म्हणून ही अशी बांधली की ४८ तासांत आतलं सामान हलवून चौदा हजारांवर सैनिक भरता यावेत आणि वाटेत कुठेही तेल न भरता दहा हजार मैल जाता यावं. थोडक्यात अर्धी पॅसेंजर बोट आणि अर्धी लष्कराची. त्यामुळे पाण्याखालचा आकार, इंजिनाची ताकद आणि बोट पुढे ढकलणारे पंखे हे सगळं गुपित. चार पंखे, त्यातले दोन चार पात्यांचे आणि दोन पाच पात्यांचे, आणि त्यांच्या डिझाइनमागे एलेन कॅप्लन नावाची इंजिनियर होती, १९५० च्या आसपास, जेव्हा गोदीत बाई दिसणं हीच बातमी असायची. हिचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

३ जुलै १९५२ ला ती न्यूयॉर्कहून पहिल्या सफरीला निघाली आणि ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक पार केला, सरासरी ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी ६६ किलोमीटर, एवढा अवजड देह समुद्रात आपल्या हायवेवरच्या एसटीच्या वेगाने. क्वीन मेरीचा १९३८ चा विक्रम दहा तासांनी मोडला. परतीच्या प्रवासातही विक्रम. सगळ्यात वेगवान पॅसेंजर बोटीला ब्लू रिबँडचा मान मिळायचा, तो तिला मिळाला, आणि तिच्यानंतर तेवढी वेगवान दुसरी लायनर, म्हणजे समुद्रापार नेमाने जाणारी पॅसेंजर बोट, कुणी बांधलीच नाही. चाचणीत तर ती ३८ नॉटच्या वर गेली होती, पण तो आकडा बरीच वर्षं लोकांना सांगितलाच नाही.

सतरा वर्षं तिने काम केलं. १९६३ मध्ये मोनालिसाचं चित्र अमेरिकेतलं प्रदर्शन संपवून फ्रान्सला परत गेलं ते हिच्यातून. १९६८ मध्ये बिल क्लिंटन ऑक्सफर्डला शिकायला गेले तेही हिच्यातून, पण तेव्हा तिचे शेवटचे दिवस होते. १९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमानं अटलांटिकवर सुरू झाली आणि जिथे बोटीला साडेतीन-चार दिवस लागायचे तिथे सात-आठ तासांत माणूस पोचायला लागला. यात कुणाची चूक नाही. आपल्याकडे कोकण बोटीचं झालं तेच, रस्ता झाला, एसटी आली, मग रेल्वे आली, माणूस लवकर पोचायचं साधन निवडणारच. १९६९ च्या नोव्हेंबरात बोट नेहमीच्या दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि तिथेच कंपनीने जाहीर केलं की आता बास.

आणि इथून पुढचं मला खरं महत्त्वाचं वाटतं. कारण गिब्जवर आणि विक्रमावर भरपूर लिहिलं गेलंय, पण त्या पुढच्या पंचावन्न वर्षांबद्दल कुणी नीट बोलत नाही, त्यात ग्लॅमर नाही ना.

१९६९ ला बोट बंद. गुपितं असल्यामुळे परदेशी कंपनीला विकायला बंदी. १९७३ मध्ये सरकारनेच विकत घेतली आणि उभी करून ठेवली. १९७८ मध्ये सिएटलच्या एका बिल्डरला विकली, त्याला तिच्यातल्या खोल्या टाइमशेअरवर विकायच्या होत्या, पैसे जमेनात, मग १९८४ मध्ये आतल्या सामानाचा लिलाव. खुर्च्या, प्लेटी, बेड, भिंतीवरची चित्रं, सगळं. दारूचा एक बार तर नॉर्थ कॅरोलायनातल्या नॅग्ज हेड गावातल्या हॉटेलात जाऊन बसला. १९९२ मध्ये परत विकली, अटलांटिक पार करून टर्कीला ओढत नेली, कारण आत आग रोखायला भरलेलं, पण छातीत गेलं तर घातक असं अॅस्बेस्टॉस होतं आणि ते काढायचं होतं. टर्कीने नकार दिला म्हणून तिथून युक्रेनमधल्या सेवास्तोपोलला, तिथे आतल्या भिंती, पार्टिशन, सगळं खरवडून काढलं. १९९६ मध्ये अमेरिकेत परत येऊन फिलाडेल्फियाच्या धक्क्याला लागली ती फक्त सांगाडा होऊन. २००३ मध्ये एका क्रूझ कंपनीने घेतली, चालवू म्हणाले, नाही चालवली. २०११ मध्ये बोटप्रेमींच्या कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने घेतली, गिब्जची नात सुझन गिब्ज तिची प्रमुख, आणि एका दात्याने ५८ लाख डॉलर दिले म्हणून भंगारात जाता जाता वाचली. २०१६ मध्ये अजून एका क्रूझ कंपनीने सहा महिने अभ्यास करून नाही म्हटलं. मग एका बिल्डर कंपनीचा हॉटेल-म्युझियमचा प्लॅन, त्यासाठी धक्का कुठल्याच शहराने दिला नाही.

माझ्या मते ही बोट मेली ती सेवास्तोपोलमध्ये, १९९४ च्या आसपास. किंवा त्याच्याही आधी, लिलावात. नंतर जी उरली तिचा आकार तेवढा राहिला होता. तो आकार सुंदरच, मी काचेतून बघितलाय, धुरांडी मागे कललेली आणि पुढचं टोक सुरीसारखं, उभी असली तरी निघालीय असं वाटायचं. पण आत पाऊल टाकलं तर रिकामं लोखंड. आपण वाडा वाचवतो म्हणतो तेव्हा त्यात चौक असतो, झोपाळ्याच्या कड्या असतात, देवघराचा कोनाडा असतो. इथे ते काहीच नव्हतं. म्युझियम करायचं म्हणजे सगळं नव्याने बनवायचं, आणि ते करोडो डॉलरचं काम.

आणि ती नुसती उभी ठेवायचा खर्च महिन्याला साठ हजार डॉलरच्या घरात. विमा, राखण, दुरुस्ती, धक्क्याचं भाडं. हे सगळं देणग्यांवर. शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे पाठवले, म्हाताऱ्या लोकांनी पाठवले जे कधीकाळी निर्वासित म्हणून किंवा लग्न करून या बोटीतून अमेरिकेत उतरले होते. मला या लोकांबद्दल फार आदर आहे. पण अशी वस्तू देणग्यांवर तगत नाही, हेही खरं. २०२१ मध्ये धक्क्याच्या मालकाने भाडं दिवसाला ८५० डॉलरवरून १७०० केलं, संस्थेने नकार दिला, कोर्टात गेलं, २०२४ च्या जूनमध्ये निकाल आला की वाढीव भाडं द्यायची गरज नाही पण तीन महिन्यांत बोट हलवा. तीन महिन्यांत ९९० फुटाची बोट कुठे हलवणार. पत्ते तीनच होते, भंगार, दुसरा धक्का किंवा समुद्राचा तळ. दुसरा धक्का मिळाला नाही.

मग फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीने दहा लाख डॉलरला घेतली, सगळा खर्च धरून एक कोटी डॉलरची तरतूद केली, त्यात जमिनीवरच्या एका म्युझियमसाठीही पैसे. एक गोष्ट नोंद करा, माझ्या वाचनात तरी १९६९ पासून हे पहिलं सरकारी कार्यालय ज्याने या बोटीच्या पुढच्या आयुष्यासाठी बजेटमध्ये खरा आकडा टाकला. बुडवण्यासाठी का होईना.

आता बुडवणं चांगलं की वाईट. बोटप्रेमी म्हणतात त्यापेक्षा भंगारवालाही परवडला. मला नाही पटत. फ्लोरिडाच्या त्या भागात समुद्राचा तळ सपाट वाळूचा आहे, आणि वाळूवर धरून राहायला काही नसलं की शेवाळ, स्पंज, शिंपले, काहीच नीट वाढत नाही. लोखंडाचा मोठा सांगाडा ठेवला की त्यावर हे सगळं चढतं, मागोमाग मासे येतात, त्यांच्यामागे गळ टाकणारे आणि डायव्हर. २००६ मध्ये तिथून जवळच पेन्साकोलासमोर ओरिस्कनी ही विमानवाहू नौका अशीच बुडवली आणि तिथे आजही डायव्हर जातात. पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती रीफवाले सांगत नाहीत. असल्या सांगाड्याने मासे वाढतात की इकडचे तिकडचे मासे फक्त एका जागी जमतात आणि पकडायला सोपे होतात, यावर समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये अजून वाद आहे. जुन्या बोटींच्या वायरींच्या आवरणात आणि रंगात पीसीबी नावाचं विष असतं, ते राहिलं तर माशांत उतरतं. म्हणून बुडवण्याआधीची साफसफाई आणि बुडवल्यानंतर दर काही वर्षांनी पाण्याची, माशांची तपासणी हे दोन्ही झालंच पाहिजे, नाहीतर त्याला रीफ म्हणू नये, कचरा टाकणं म्हणावं.

तरीही मी म्हणेन की २०२४ मध्ये जे हातात होतं त्यातलं हे बरं होतं. भंगारात गेली असती तर तुकडे तुकडे होऊन वितळली असती. धक्क्याला राहिली असती तर एखाद्या वादळात दोर तुटून किंवा तळ गंजून तिथेच बसली असती आणि मग काढायचा खर्च कितीतरी पट. ज्यांना राग येतोय त्यांनी तो १९७३ च्या सरकारवर काढावा. ज्या सरकारने पाच कोटी घालून बांधली त्याच्या हातात बोट परत आली होती, आतलं सगळं सामान जागेवर होतं, मशीन शाबूत होती. तेव्हा एखाद्या शहराला वर्षाच्या खर्चासकट दिली असती तर आज तिच्यात चालत फिरता आलं असतं.

हे होऊ शकतं का, तर हो. क्वीन मेरी घ्या. १९६७ मध्ये लाँग बीच शहराने ३४ लाख ५० हजार डॉलरला घेतली, चालू स्थितीत, ती स्वतः समुद्रातून चालत तिथे आली. आज हॉटेल आहे, म्युझियम आहे, रोज लोक जातात. पण तिथेही रडणं आहेच, चालवायला दिलेल्या कंपन्यांनी दुरुस्ती टाळली, २०१७ च्या पाहणीत वीस कोटी डॉलरच्या वर दुरुस्तीचा आकडा निघाला आणि शेवटी शहरालाच ती परत स्वतःच्या हातात घ्यावी लागली. म्हणजे शहर मागे उभं राहिलं म्हणून ती आहे. बोट वाचवणं म्हणजे एकदा विकत घेणं नाही, दरवर्षी पैसे घालणं. खारं पाणी सुट्टी घेत नाही.

आणि ज्या वाचत नाहीत त्या कुठे जातात हे आपल्याला इतर कुणापेक्षा जास्त माहीत पाहिजे. फ्रान्स नावाची बोट, १९६२ ची, १०३५ फूट, युनायटेड स्टेट्सपेक्षाही लांब, मोनालिसा अमेरिकेला गेली ती हिच्यातून. १९७४ मध्ये फ्रेंच सरकारने अनुदान काढून घेतलं, मग नॉर्वे नावाने क्रूझ बोट झाली, २००३ मध्ये मायामीत बॉयलर फुटून आतले कामगार मेले, आणि शेवटी ब्लू लेडी असं नाव लावून २००६ मध्ये आली कुठे, तर आपल्या शेजारी, गुजरातमधल्या अलंगला. पोटात हजार टनाच्या वर अॅस्बेस्टॉस असल्याचा अंदाज होता. सुप्रीम कोर्टात केस झाली, २००७ मध्ये तोडायची परवानगी मिळाली. अलंगला मोठ्या भरतीला बोट जोरात किनाऱ्यावर चढवतात, ओहोटी लागली की चिखलात उभी राहते आणि ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडची पोरं गॅस कटर घेऊन चढतात. पॅरिसच्या श्रीमंतांनी ज्या डेकवर शॅम्पेन प्यायली त्या डेकखालची धूळ या पोरांच्या छातीत. सेवास्तोपोलला ज्यांनी युनायटेड स्टेट्स खरवडली त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. आगीपासून प्रवाशांना वाचवायला जे भिंतींत भरलं त्याची किंमत चाळीस-पन्नास वर्षांनी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मजुराने मोजायची, हा हिशोब मला अजिबात मान्य नाही. बोट वाचवा म्हणणाऱ्यांच्या लेखात हा मजूर येत नाही आणि बुडवा म्हणणाऱ्यांच्या ब्रोशरमध्येही येत नाही.

आता आपल्या घरचं. मी कॉलेजात असताना बाबांबरोबर विक्रांत ही आपली जुनी विमानवाहू नौका बघितलीय, मुंबईत, म्युझियम होतं तेव्हा. वरच्या डेकवर ऊन इतकं तापलेलं की चपलेतून चटका बसत होता आणि खाली गेल्यावर तेलाचा, जुन्या रंगाचा एक दाट वास. बाबा १९७१ चं सांगत होते, युद्धात ही बंगालच्या उपसागरात होती, आणि सांगता सांगता एका गंजलेल्या कठड्यावर हात ठेवून गप्प झाले. १९९७ ला ती निवृत्त झाली, २०१२ ला धोकादायक म्हणून म्युझियम बंद, राज्याने परवडत नाही म्हणून हात वर केले, २०१४ मध्ये साठ कोटींच्या आसपास भंगारात गेली आणि मुंबईतल्या दारूखान्यात, जिथे बोटी तोडतात, तिचे तुकडे झाले. मग तिच्या लोखंडातून मोटारसायकल निघाली आणि लोकांनी ती अभिमानाने घेतली. मी त्या लोकांना नावं ठेवत नाही, त्यांना काहीतरी जवळ हवं होतं.

मग विराट. २०१७ ला निवृत्त. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठराव केला की सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ तिचं म्युझियम करायचं, ८५२ कोटींचा प्रकल्प. वाचून आनंद झाला होता, आमचाच किनारा. पण तो खासगी भागीदारीतून करायचा होता, भागीदार काही आला नाही, २०२० मध्ये ती ३८ कोटी ५४ लाखांना विकली गेली आणि अलंगला चढवली. सुप्रीम कोर्टात प्रकरण पोचलं तोवर बराच भाग तोडून झाला होता. अमेरिकेत जे व्हायला पंचावन्न वर्षं लागली ते आपण चार वर्षांत केलं, मोठा आकडा जाहीर करायचा आणि तो कुणाच्या खिशातून येणार ते लिहायचंच नाही.

आणि आता त्याच निवतीसाठी नौदलाची गुलदार राज्याकडे आलीय, २०२५ च्या फेब्रुवारीत, पोलंडमध्ये बांधलेली सैन्य उतरवायची नौका, विराटच्या मानाने अगदी लहान. तीही पाण्याखालचं म्युझियम आणि कृत्रिम रीफ करण्यासाठी. माझा याला विरोध नाही, लहान बोट आहे, झेपेल अशी आहे, आणि नुसतं भंगार होण्यापेक्षा मालवण-निवतीच्या पोरांना डायव्हिंगचं काम मिळत असेल तर चांगलंच. पण निवतीचा समुद्रतळ फ्लोरिडाच्या वाळूसारखा ओसाड नाही. तिथे आधीच खडक आहेत, प्रवाळ आहे, मासा आहे, आणि त्या मासळीवर जगणारी घरं आहेत. म्हणून मला पर्यटन खात्याकडून चार गोष्टी कागदावर हव्यात. बुडवण्याआधी आतून काय काय काढलं आणि कुणी तपासलं. साफसफाई करणाऱ्या कामगारांना मास्क, तपासणी, विमा मिळाला का. बुडवल्यानंतर पाणी आणि मासे कोण तपासणार, किती वर्षं. त्या जागी जाळं टाकणाऱ्या रापणकरांना, ट्रॉलरवाल्यांना विचारलं का, आणि त्यांची जागा गेली तर त्यांना काय.

आणि या सगळ्याच्या पुढे दरवर्षीचा रुपयातला आकडा. उद्घाटनाच्या फलकावरचा एकरकमी आकडा चालणार नाही, पुढची वीस-पंचवीस वर्षं बजेटच्या पुस्तकात एका ओळीत छापून येणारा पाहिजे. निवतीच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा आणि पुढच्या वर्षी परत वाचून दाखवावा.